फेब्रुवारीपर्यंत कोळसाच

प्रिय पोरी,

साडेचारलाच अंधारून येतं, चित्र होत नाही, इथे येऊन चुकलं का, असं विचारलंस. चुकलं काही नाही गं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की पॅरिस असंच होतं. डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि पाचच्या आत गडप. पहिल्या हिवाळ्यात मी हट्टाने रात्री पिवळ्या बल्बखाली रंगवत बसले. पिवळा फिका दिसतोय म्हणून थापत गेले, सकाळी बघते तर सगळं भडक. आठ दिवसांचं काम खरवडून काढलं.

तेव्हा फेब्रुवारीपर्यंत रंगाच्या ट्यूबा बंद ठेव आणि चित्र काढायचा कोळसा घे. पॅरिसच्या मोंपार्नास भागात ग्रांद शोमिएर नावाची 1904 सालची अकादमी आहे. तिथे पैसे भरून बसायचं, समोर मॉडेल, शिकवायला कुणी नाही. लाजू नकोस, तिथे कुणाला कुणाच्या कागदाकडे बघायला फुरसत नसते.

बर्फ पॅरिसात क्वचितच टिकतो. पडला तर हातातलं टाकून बाहेर जा आणि सावल्या बघ. त्या काळ्या नसतात. चित्रकार मोनेचं बर्फातल्या मॅग्पाय पक्ष्याचं चित्र ओर्से संग्रहालयात आहे, त्यातल्या सावल्या निळसर आहेत. 1869 च्या सालोंने, म्हणजे तेव्हाच्या पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, ते नाकारलं होतं! महिन्याच्या पहिल्या रविवारी ओर्सेला तिकीट लागत नाही, फक्त वेळ आधी राखून ठेव.

एप्रिलला जिवर्नीची मोनेची बाग उघडली की तू धावशील, मला माहीत आहे. जा. पण मोनेकडून घ्यायचं ते बागेबाहेर आहे. 1890-91 मध्ये त्याने घराजवळच्या शेतातल्या गव्हाच्या गंजी (आपल्याकडे सुडी म्हणतात त्याच) पुन्हा पुन्हा रंगवल्या. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. तुझ्या खिडकीसमोर एखादं झाड असेलच, तेवढं पुरे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण उशिरा कर.

कॅनव्हास मात्र जुलैतच विकत घेऊन ठेव. ऑगस्टमध्ये दुकानाच्या दारावर सुट्टीची चिठ्ठी आणि दुकानदार समुद्रावर.

तुझी,
मावशी

ता. क. दिवाळीच्या सुमारास फुलवाल्यांकडे शेवंतीच्या कुंड्यांची रांग लागते. आनंदाने घरमालकिणीला नेऊ नकोस. 1 नोव्हेंबरला ती फुलं इथे थडग्यांवर ठेवतात. मी नेली होती.