फ्रॅक्टल अँटेना रडारला चालेल का? नुसता एस-११ पाहून ठरवू नका

फ्रॅक्टल म्हणजे तोच आकार लहान होत होत पुन्हा पुन्हा येणारी रचना, आणि एस-११ म्हणजे अँटेनाला दिलेल्यातली किती पॉवर परत येते ते; उणे जितकं मोठं तितकी कमी परत. तुम्ही विचारलंय, २.४५ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या छोट्या रडारला सिएरपिन्स्की मोनोपोल (त्रिकोणात त्रिकोण असलेला उभा अँटेना) घ्यावा की कॉख पॅच (दातेरी कडांचा सपाट अँटेना), आणि इटरेशन, म्हणजे आकार किती वेळा पुन्हा कोरायचा. दोनच्या पुढे जाऊ नका. कॉखची कड दर इटरेशनला ४/३ पट लांबते, पण रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ती) त्या हिशेबाने खाली येत नाही. तिसऱ्यापासून लॉसच वाढतो.

सिएरपिन्स्कीचे बँड साधारण दुपटीने येतात, तुम्हाला हवंय २.३७ पट. म्हणजे त्रिकोण मध्यावर न कापता त्या प्रमाणात कापावे लागतील. शिवाय त्रिकोणांच्या टोकाला टोक नुसतं टेकवू नका. इंदूरच्या मे महिन्यात तांबं खरवडणारं फेरिक क्लोराइड आपोआपच तापलेलं असतं. प्लेट दोन मिनिटं जास्त राहिली की टोकं खाल्ली जातात. आमची एक प्लेट अशीच गेली: एस-११ मधला ५.८ चा डिप (खड्डा) जागेवर, २.४५ चा गायब. भिंगातून पाहिलं तर फीडजवळच्या (जिथून सिग्नल आत येतो तिथल्या) त्रिकोणाच्या वरच्या दोन्ही टोकांशी केसाएवढी फट. टोकं ०.३ मिमी एकमेकांत घुसवा, मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघा आणि मगच एसएमए कनेक्टर जोडा.

तरी रडारला मी सिएरपिन्स्की घेणार नाही. तो चहूकडे फेकतो, ट्रान्समिटरचं थेट रिसीव्हरमध्ये शिरतं.

कॉख पॅचची गोष्ट वेगळी. १.६ मिमी एफआर-४ वर (नेहमीच्या स्वस्त सर्किट बोर्डवर) तिसऱ्या इटरेशनचा केला होता, एस-११ उणे २८ डीबी. गाइड म्हणाले, झालं काम. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो: ५० ओहमचा डमी लोडही उणे ३० दाखवतो, म्हणून तो अँटेना होत नाही. एफआर-४ मध्ये पॉवर जळते, म्हणून मॅच सुंदर दिसतो. दोन सारख्या प्लेट १ मीटरवर समोरासमोर ठेवून एस-२१ (एकीकडून दुसरीकडे किती पोचतं ते) घेतला: उणे ३८.२ डीबी. त्यात २.४५ चा पाथ लॉस (हवेतल्या अंतरामुळे होणारी घट) ४०.२ मिळवून निम्मं केलं, गेन १ डीबीआय! आरओ-४००३सी या कमी लॉसच्या बोर्डवरचा साधा चौकोनी पॅच ६ देत होता. रडारमध्ये गेन दोनदा मोजला जातो, त्यामुळे ५ डीबीची तूट १० झाली. चालणारा माणूस १६ मीटरऐवजी ९ मीटरपर्यंतच दिसला.

५.८ वर पॅटर्नही (कुठल्या दिशेला किती फेकतो ते) बघा. तिथला डिप टीएम-२० मोडचा (पॅचच्या दुसऱ्या पातळीच्या कंपनाचा) असेल तर नेमका समोरच नल येतो, म्हणजे तिकडे काहीच जात नाही.

जागा खरंच ३० मिमीच्या आत असेल तर दोन इटरेशनचा कॉख पॅच ठीक आहे. नुसता वेग मोजायचा असेल तर कमी बँडविड्थही चालते. अंतर मोजायचं असेल तर १ मीटर रिझोल्यूशनला १५० मेगाहर्ट्झ लागतात, आणि आकसलेला पॅच २.४५ वर ते देणार नाही. सिम्युलेशनमध्ये आरओ-४००३सी चा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३.३८ नाही, ३.५५ टाका, नाहीतर ५.८ चा बँड शंभरेक मेगाहर्ट्झ खाली येईल.