डिझेल गाडीत पेट्रोल पडलं तर

नवीन पिकअप घेतलीस, लई बरं वाटलं. आता एक गोष्ट नीट ऐक भावा. पेट्रोलचं नोझल सहसा डिझेलच्या नोझलपेक्षा बारीक असतं, त्यामुळं डिझेल गाडीच्या टाकीत ते सहज जातं. म्हणून पंपावर खाली उतरायचं, ‘डिझेल’ असं मोठ्यानं सांगायचं आणि नोझल स्वतः बघायचं.

तरी पेट्रोल पडलंच, तर चावीला हात लावू नको. बऱ्याच गाड्यांत नुसती चावी फिरवली तरी टाकीतला पंप चालू होतो. गाडी ढकलत बाजूला घे. डिझेल हे हाय प्रेशर पंपाचं, म्हणजे इंजिनाकडं जोरानं डिझेल ढकलणाऱ्या पंपाचं, वंगणही असतं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांना) डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो. पंपातलं पेट्रोलनं वंगण धुऊन निघालं की लोखंडावर लोखंड घासतं, बारीक चुरा सुटतो आणि थेट इंजेक्टरमध्ये जातो. मग पंप, पाइप, इंजेक्टर सगळंच उतरवावं लागतं. हंगामाची कमाई त्यातच जाते.

गाडी चालू झालीच असेल, तर इंजिन ठोकतं, धूर सोडतं, मांजरसुंब्याच्या घाटात ओढच राहत नाही. तिथंच बंद कर. ‘थोडंच पडलंय, वरून डिझेल भर’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरला चाललं असेल, तुझ्या गाडीला नाही चालणार.

टाकी रिकामी कर, फिल्टर बदल, लाइनमधली हवा काढून घे. काढलेलं मिश्रण पेट्रोलसारखंच भडकतं, जवळ कुणाला बिडी पेटवू देऊ नको.