एक सेल, एक बल्ब आणि शिक्षकाचा अंदाज

सप्रेम नमस्कार,

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. कष्ट दिसतात, पण गोम शीर्षकातच आहे. 'उच्च प्राथमिक स्तरावरील विज्ञान व गणित अध्यापनाची गुणवत्तावाढ : एक अभ्यास' हे एखाद्या खात्याचं काम झालं. असा विषय घेतला की शेवटी शिक्षकांना प्रश्नावल्या वाटल्या जातात, 'आपण कृतियुक्त अध्यापन करता का?' यापुढे जवळपास सगळे 'नेहमी'वर खूण करतात आणि प्रबंधात एक रंगीत गोल आलेख येतो. वर्गात काय घडतं त्याचा त्यात मागमूस नसतो.

एकच घटक घे. माझ्या मते साधा विद्युत परिपथ. साहित्य स्वस्त आहे, बरोबर की चूक याचा निवाडा बल्बच करतो, आणि मुलांच्या डोक्यात इथे नेमकं काय असतं यावर चाळीसेक वर्षं काम झालेलं आहे. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न यांनी ऐंशीच्या दशकात मुलांच्या कल्पना चार गटांत मांडल्या. त्या तुला तोंडपाठ हव्यात. पहिली: एका तारेनं भागतं, दुसरी उगाच. दुसरी: सेलच्या दोन्ही टोकांकडून करंट निघतो, बल्बमध्ये टक्कर होते आणि उजेड पडतो. तिसरी: करंट एका बाजूनं येतो, बल्ब त्यातला काही खातो, उरलेला परत जातो. चौथी पुस्तकातली: जितकी धारा (म्हणजे करंटच) बल्बमध्ये शिरते तितकीच बाहेर पडते.

यातली तिसरी सगळ्यांत चिवट, आणि ती चिवट का हे मराठी घरात कान देऊन ऐकलं की कळतं. 'हीटर फार करंट खातो.' 'दिवसा लाईट कशाला जाळता?' बिलावर 'वापरलेली युनिट' छापलेली असतात. यातलं काहीही खोटं नाही. खर्च होते ती ऊर्जा, धारा नव्हे. पण घरच्या बोलण्यात दोन्हींना एकच शब्द. पोर घरची भाषा इमानानं वर्गात आणतं आणि आपण तिला 'गैरसमज' असं लेबल लावतो.

चाचणी लिहिताना शब्दांवर आणखी एका कारणासाठी थांब. खेड्यात 'बॅटरी' म्हणजे टॉर्च. 'घट' म्हटलं की नवरात्रातला घट आठवतो. 'लाईट' म्हणजे बल्बही, पुरवठाही. 'धारा' पावसाच्या. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी फार आधी दाखवून दिलं होतं की मूल पुष्कळदा विज्ञानाला नाही, विज्ञानाच्या भाषेला अडतं. तेव्हा प्रश्नात चित्र काढ, 'सेल' लिही, आणि पाच-सहा मुलांना प्रश्न मोठ्यानं वाचायला लावून 'यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग' असं विचार. दोघं अडखळली तर प्रश्न बदल, मुलं बदलू नकोस.

पर्यायी उत्तरं टेबलाशी बसून रचू नकोस. आधी तीस-चाळीस मुलांना कोरा कागद दे. एक सेल, एक बल्ब, दोन तारा यांचं चित्र असावं; बल्बच्या अलीकडे 'क' आणि पलीकडे 'ख' अशा खुणा. प्रश्न इतकाच: क आणि ख इथे करंट सारखा की कमीजास्त? असं का वाटतं? आलेले कागद जमिनीवर पसर आणि सारखे दिसतील तसे ढीग लाव. सहसा चार-पाच ढीग होतात. प्रत्येक ढिगातलं सगळ्यांत बोलकं वाक्य उचलून जसंच्या तसं पर्याय म्हणून घाल. 'बल्बमध्ये थोडा संपतो म्हणून ख ला कमी' हे मुलाचं वाक्य, 'विद्युतधारेचा ऱ्हास होतो' या तुझ्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त मुलांना आपलं वाटेल. आणि प्रत्येक प्रश्नाखाली कारणासाठी दोन ओळी मोकळ्या ठेव, कारण बरोबर पर्याय चुकीच्या कारणानं निवडणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

आता शिक्षकांकडे वळू, कारण तुझा खरा विषय तोच आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक भेद मांडला: विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवण्यासाठी लागणारं ज्ञान वेगळं. हे वाक्य प्रत्येक प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात असतं आणि तिथंच राहतं. ते मोजायचं कसं, याची एक सुटसुटीत तऱ्हा हार्वर्डच्या फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी वापरली. त्यांचं काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, अमेरिकेतल्या 'मिडल स्कूल'चे, म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या तोडीच्या वर्गांचे, १८१ शिक्षक त्यात होते. शिक्षकांना मुलांचीच चाचणी दिली आणि प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी विचारल्या: बरोबर उत्तर कोणतं, आणि मुलं सर्वाधिक कोणतं चुकीचं उत्तर निवडतील? ज्या प्रश्नांत एक चुकीचं उत्तर फार लोकप्रिय होतं, तिथे नुसतं बरोबर उत्तर माहीत असलेल्या शिक्षकांपेक्षा ती चूकही ओळखणाऱ्या शिक्षकांची मुलं जास्त शिकली. वाचन-गणितात कच्च्या मुलांना मात्र याचा फारसा लाभ झालेला दिसला नाही. हे दुसरं वाक्य लोक गाळतात. तू गाळू नकोस, आपल्या शाळांत तेच जास्त कामाचं आहे.

हीच तऱ्हा तू वापर, पण एक काळजी घे. 'चाचणी' हा शब्द शिक्षकांसमोर उच्चारू नकोस. कागदावर मथळा दे: 'माझ्या वर्गातली मुलं काय उत्तर देतील?' प्रत्येक पर्यायापुढे शंभरातली किती मुलं, तो आकडा त्यांनी भरायचा. मग त्यांच्याच वर्गाची खरी उत्तरं शेजारी ठेवायची. दोन आकड्यांतली तफावत हे तुझं मोजमाप आणि त्याच दिवशीचं चर्चेचं साहित्यही. कागदावर नाव नको. आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोबाइलचे शेवटचे दोन आकडे असा संकेत पुरतो. हे कागद केंद्रप्रमुखांच्या हाती पडणार अशी कुणकुण लागली की सगळे एकमेकांचं बघून भरतात आणि तुझी सगळी सामग्री वाया जाते. शिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी परवानगी घेतानाच त्यात लिहून घे की शिक्षकनिहाय माहिती कार्यालयाला दिली जाणार नाही. पालकांची संमती घ्यायचीच, आणि मुलालाही विचारायचं.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पहिला तास असा आखावा. दोघा-दोघांच्या प्रत्येक जोडीला एक १.५ व्होल्टचा सेल, टॉर्चचा एक २.५ व्होल्टचा बल्ब, वीतभर एकच तार. होल्डर नाही. 'बल्ब लावून दाखवा, आणि किती तऱ्हांनी लागतो ते शोधा.' पदवीधर विज्ञान शिक्षकही इथे अडतात, कारण त्यांनी परिपथ नेहमी होल्डरमध्ये किंवा फळ्यावर पाहिलेला असतो आणि होल्डर बल्बची दोन टोकं झाकून टाकतो. बरेच जण बल्बचं बूड सेलच्या टोकाला लावतात, तारही बुडालाच टेकवतात आणि 'सेल गेलाय' म्हणतात. बोलू नकोस. दहा मिनिटं जाऊ दे. चार तऱ्हा निघतात: बल्बचं बूड किंवा त्याची धातूची कड, सेलच्या धन किंवा ऋण टोकाला टेकलेली, आणि उरलेली दोन टोकं तारेनं जोडलेली. त्यानंतर एक फुटका बल्ब हातात दे (काच फडक्यात गुंडाळून आधीच फोडून ठेवलेली). तंतू धरणाऱ्या दोन तारांपैकी एक बुडाशी गेलेली दिसते, दुसरी कडेला डाख दिलेली, आणि मधे काळा विद्युतरोधक. 'परिपथ पूर्ण व्हावा लागतो' हे वाक्य तिथे हातात धरता येतं.

दुसऱ्या तासाला एकसर जोडणी, म्हणजे एकाच वाटेवर एकापुढे एक बल्ब. इथेच दगा होतो, नीट ऐक. दोन बल्ब एकसर जोडले की ते सारखेच उजळायला हवेत. 'बल्ब करंट खातो' या कल्पनेला धक्का द्यायचा तो याच प्रयोगानं. पण बाजारातले दोन बल्ब क्वचितच तंतोतंत सारखे असतात. एक मंद लागला आणि तो योगायोगानं 'दुसरा' असला, की सगळा वर्ग म्हणतो, बघा, पहिल्यानं खाल्ला! एका प्रयोगानं चुकीची कल्पना पक्की होते, आणि तीही डोळ्यांदेखत. म्हणून आदल्या दिवशी बल्बांच्या जोड्या जुळवून ठेव: दोघांना एकसर लाव, सारखे उजळले तर दोऱ्यानं एकत्र बांध, नाहीतर दुसरा घे. वर्गात फरक दिसलाच तर बल्बांची अदलाबदल कर. मंद बल्ब पहिल्या जागी जाऊनही मंदच राहतो आणि वाद मिटतो. या प्रयोगाला दोन सेल वापर, एकावर दोन बल्ब इतके मंद लागतात की मागच्या बाकाला काहीच दिसत नाही. खिडक्या लोटून घे.

प्रयोगाआधी प्रत्येकाचा अंदाज पेननं लिहून घे, पेन्सिलीनं नको. पेन्सिलीचे अंदाज बल्ब लागल्यावर बदलतात, शिक्षकांचेसुद्धा.

वर्गनिरीक्षणाबद्दल तू पंधरा मुद्द्यांची पडताळा सूची जोडली आहेस. तिच्या जागी साधं ध्वनिमुद्रण कर आणि एकाच गोष्टीपासून सुरुवात कर: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो? अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात मोजलं तेव्हा हा अवकाश सरासरी एक सेकंद निघाला. तो तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबली, कारणं येऊ लागली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. आपल्याकडे मात्र मोजण्याआधी एक प्रकार वेगळा काढावा लागतो. 'तांबं हे विजेचं सुवा...?' आणि सगळा वर्ग एका सुरात, '...हक!' हा प्रश्न नव्हेच, शब्दाची शेपूट पूर्ण करणं आहे. त्याला वेगळा संकेत दे आणि थांबण्याच्या सरासरीत धरू नकोस. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शेपटीचे प्रश्न किती आणि 'का'चे किती, एवढं जरी तू पाच शिक्षकांबाबत नेमकं मांडलंस तरी वाचणाऱ्याला वर्ग दिसेल.

प्रशिक्षणाचा आराखडा मला फारच सरकारी वाटला: राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्यांनी तीन दिवसांचं एकदाच. प्रत्येक पायरीवर प्रयोग थोडा गळतो आणि स्लाइड तेवढ्या खाली पोचतात. होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम बारकाईनं पाहा. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या सोळा शाळांत सुरू झाला, २००२ मध्ये सरकारनं बंद केला. तीस वर्षं तो टिकला यामागे उन्हाळी प्रशिक्षणाइतकाच हात शिक्षकांच्या मासिक बैठकांचा होता. प्रयोग फसला की तो घेऊन जायला एक जागा होती. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद महिन्याला भरतेच. तिथला एक तास माग. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय, त्यात हा तास धरता येईल का ते डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) विचार. बी.एड.चे छात्रशिक्षकही घे. २० आठवड्यांच्या शालेय अनुभवात ते पाठ काढतात, टाचणं लिहितात. त्या टाचणात एक रकाना वाढवायला सांग: 'इथे मुलं काय म्हणतील'. तो रकाना कोरा राहिला तर पाठाला परवानगी नाही.

वेळापत्रक आजच बदल. तुझी पूर्वचाचणी सप्टेंबरमध्ये आणि उत्तरचाचणी जानेवारीत आहे. बीडच्या ज्या तालुक्यात तू जाणार तिथली ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जानेवारीत वर्गात उरतील ती वेगळीच मुलं, आणि सरासरी वाढलेली दिसली तरी ती शिकवण्यामुळे की गळतीमुळे, हे तुला कुणालाच सांगता येणार नाही. पूर्वचाचणी जुलैत घे, शिकवणं ऑगस्टमध्ये, लगेचची चाचणी त्याच आठवड्यात आणि खरी चाचणी सहा आठवड्यांनी, दिवाळीच्या सुट्टीआधी. तुलना फक्त तिन्ही चाचण्या दिलेल्या मुलांची कर, आणि किती मुलं का गळली ते स्वतंत्र लिही. शिवाय तू आराखड्यात धरलेली दोन शाळांतली १६० मुलं म्हणजे १६० स्वतंत्र नोंदी नव्हेत. शिकवणारे शिक्षक दोनच आहेत. शाळा वाढव, मुलं नाही वाढवलीस तरी चालेल.

पुढच्या पत्रासोबत तक्ते पाठवू नकोस. पहिल्या चाळीस मुलांचे कागद, तू लावलेल्या ढिगांसकट, फोटो काढून पाठव. ढिगांची नावं मात्र खोडून, म्हणजे मला माझे ढीग लावून बघता येतील आणि आपले किती जुळतात ते कळेल.

ता. क. एलईडी आल्यापासून टॉर्चचे जुने बल्ब सहज मिळत नाहीत. जुन्या विद्युत साहित्याच्या दुकानात एकदमच शंभर घे, एकाच खोक्यातले. बल्बऐवजी एलईडी नको. तो उलटा लावला तर लागत नाही आणि पांढरा तर दीड व्होल्टवर लागतच नाही. मोटर गुंडाळायची तांब्याची तार फुकट मिळाली तरी तिच्यावर वार्निश असतं, दोन्ही टोकं सेंटिमीटरभर सँडपेपरनं घासल्याशिवाय देऊ नकोस. आणि सेल साधे जस्त-कार्बनचे घे. रिचार्जेबल सेल शॉर्ट झाला तर तार क्षणात तापून बोट भाजतं.