शिकागो की ह्युस्टन? राहायला आणि फिरायला कुठलं शहर चांगलं?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला शिकागो आणि ह्युस्टन, दोन्हीकडून ऑफर आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, तुम्ही एच-४ व्हिसावर येणार आहात, तर कुठे जावं.

शिकागोला जा.

मी दोन्हीकडे संसार केलाय. २०१० ते २०१५ शिकागोला खेटून असलेल्या ओक पार्कमध्ये, मग पावणेतीन वर्षं ह्युस्टनच्या पश्चिमेला केटीच्या बाजूला, आणि २०१८ च्या उन्हाळ्यापासून परत शिकागो. ह्युस्टनच्या बाजूने तुम्हाला तीन गोष्टी हमखास ऐकवल्या जातील: घर मोठं मिळतं, राज्याचा इन्कम टॅक्स नाही, थंडी नाही. आमच्या भाऊजींनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, हेच तीन मुद्दे आम्हाला दोन वर्षं दर रविवारी फोनवर ऐकवले होते. तिन्ही खरे आहेत. तरीही मी शिकागो म्हणते.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो एच-४, म्हणजे तिथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा. नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल ठरावीक टप्प्यावर पोचेपर्यंत तुम्हाला नोकरी करता येणार नाही. म्हणजे सकाळी आठला नवरा आणि मुलगी बाहेर पडली की दिवस तुमचा. त्या दिवसाचं काय करता येतं, ते शहर ठरवतं. मी २०१० च्या ऑगस्टमध्ये लग्न होऊन सांगलीहून ओक पार्कला आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मी एकटी ग्रीन लाइन ट्रेनमध्ये बसले आणि ॲडम्स-वाबॅश स्टेशनला उतरले. तिथून दोन मिनिटांवर आर्ट इन्स्टिट्यूट. विवेकानंद १८९३ च्या ११ सप्टेंबरला ज्या इमारतीत बोलले, ती हीच. त्या वर्षी मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांचं ते भाषण रंगीत दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. मी एकेक पायरी वाचत वर गेले आणि वर पोचल्यावर रडले. अमेरिकेत आल्यानंतर नवऱ्याच्या सोबतीशिवाय मी पाहिलेली ती पहिली गोष्ट.

त्यानंतर पाच वर्षं मी ते शहर ट्रेनने आणि पायी पालथं घातलं. इलिनॉयच्या रहिवाशांना आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये ठरावीक दिवशी फुकट जाता येतं. लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय तर रोजच फुकट, मुलगी झाल्यावर आठवड्यातून एकदा तिथे फेरी असायचीच. मिशिगन सरोवराच्या काठाने २९ किलोमीटरचा चालायचा-सायकलचा रस्ता आहे आणि तो सगळ्यांसाठी खुला आहे. हा काठ आपोआप मोकळा राहिलेला नाही. १८३६ च्या नकाशावर या जमिनीवर कायम कुठलंही बांधकाम नसावं असं लिहिलं होतं, आणि माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने त्या एका ओळीच्या जोरावर १८९० पासून वीस वर्षं कोर्टात भांडून ग्रँट पार्क मोकळं ठेवलं. सरोवर इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. माझ्या आईला ते समुद्र नाही हे पटवायला पाणी चाखून दाखवावं लागलं.

मग २०१५ मध्ये तेलाच्या धंद्यातल्या एका कंपनीने नवऱ्याला ह्युस्टनला बोलावलं. भाऊजी आधीपासून ह्युस्टनजवळच्या शुगर लँडला होते. त्यांनीच एजंट दिला, त्यांनीच केटीकडची कॉलनी सुचवली. चार बेडरूम, मागे अंगण, शाळा चांगली. शिकागोत त्या पैशांत दोन बेडरूमचा फ्लॅट आला असता. डिसेंबरात घर घेतलं. वस्तीच्या पूर्वेला अफाट मोठं जॉर्ज बुश पार्क होतं. गवत, फुटबॉलची मैदानं, सायकलचा रस्ता. पुढच्या एप्रिलमध्ये मोठा पाऊस झाला आणि ते अख्खं पार्क कित्येक दिवस पाण्याखाली होतं, रस्ता बंद होता. आम्ही वळसा घालून जात होतो. कुणालाच त्याचं विशेष वाटलं नाही, म्हणून आम्हालाही वाटलं नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात आई आणि अण्णा आले. अण्णा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते, पस्तीस वर्षं नोकरी कृष्णेच्या खोऱ्यात. एका रविवारी भाऊजींसोबत आम्ही सगळे पार्कात फिरायला गेलो. पार गेल्यावर गवताने झाकलेला लांबच लांब मातीचा उंचवटा होता. अण्णा त्यावर चढले, दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे मातीचं धरण आहे. पाणी कुठाय?"

भाऊजी हसले. म्हणाले, "काका, हे पार्क आहे. इथं लोक कुत्री फिरवतात."

अण्णांनी परत विचारलं, "ह्याची पूररेषा कुठून जाते? निळी, लाल, काहीतरी असेल ना? घर त्या रेषेच्या आत आहे का बाहेर?" भाऊजी म्हणाले की बँकेने पूरविमा मागितला नाही, म्हणजे घर पूरक्षेत्रात नाही, इथं सगळं कागदावर असतं, सांगलीसारखं नाही. ते वाक्य मला आजही टोचतं. अण्णा गप्प बसले. दिराचा मान राखायचा म्हणून मीही गप्प बसले. बोलायला हवं होतं.

अण्णांचं शंभर टक्के बरोबर होतं. १९२९ आणि १९३५ च्या पुरांत ह्युस्टनचं डाउनटाउन बुडालं, म्हणून शहराच्या पश्चिमेला १९४० च्या दशकात बार्कर आणि ॲडिक्स अशी दोन धरणं बांधली. ती एरवी कोरडी असतात, मोठा पाऊस आला की भरतात. जॉर्ज बुश पार्क म्हणजे बार्कर धरणाचं पोट. सरकारने जमीन घेतली ती समुद्रसपाटीपासून साधारण ९५ फूट उंचीच्या रेषेपर्यंतच, पण धरणात पाणी त्याच्याही वर साठू शकतं. त्या मधल्या पट्ट्यात बिल्डरांनी हजारो घरं बांधली. कर्जासाठी पाहतात त्या पुराच्या नकाशात यातली बरीच घरं येत नव्हती, म्हणून बँका पूरविमा मागत नव्हत्या. आमचं घर त्याच पट्ट्यात होतं. आमच्या सांगलीत कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबून वर चढत येणारं पाणी, हा शब्द रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो, आणि मी सांगलीची मुलगी दुसऱ्या देशात धरणाच्या फुगवट्यात घर घेऊन बसले होते.

२०१७ ची गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती, शुक्रवार. सकाळी प्रतिष्ठापना झाली, एकवीस मोदक झाले, आणि त्याच रात्री हार्वे वादळ टेक्ससच्या किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा त्रास आम्हाला झाला नाही. पाऊस मात्र चार दिवस थांबला नाही. सोमवारी रस्त्यावर पोटरीइतकं पाणी होतं. मंगळवारी दुपारनंतर पाऊस ओसरला, शेजारी बाहेर येऊन एकमेकांना हात करायला लागले. आणि पाणी चढतच राहिलं. संध्याकाळी ते उंबऱ्याला लागलं. मी सांगलीला फोन केला, तिकडे पहाट होती. अण्णांनी एकच विचारलं, "पाऊस थांबलाय ना? मग हे पावसाचं पाणी नाही, फुगवटा आहे. हे लवकर उतरणार नाही. पोरीला घेऊन निघा."

रात्री गणपती पाटासकट वरच्या मजल्यावर नेला. पासपोर्ट, औषधं, मुलीचे कपडे वर नेले. बुधवारी सकाळी लुईझियानाहून स्वतःची बोट घेऊन आलेल्या एका माणसाने आम्हाला खिडकीतून उतरवून घेतलं. मुलगी नवऱ्याच्या खांद्यावर, मूर्ती माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली. पाण्यावर लाल मुंग्यांचे गोळेच्या गोळे तरंगत होते. त्या माणसाने नाव सांगितलं नाही, पैसे घेतले नाहीत, मूर्तीला पाणी लागू नये म्हणून स्वतःचं जाकीट काढून दिलं.

धरणातलं पाणी १०१ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही घरात पुन्हा पाऊल टाकलं ते अकरा दिवसांनी. भिंतींवर कमरेच्या उंचीला तपकिरी रेघ होती, तिच्या वर बुरशी. शीटरॉक, म्हणजे भिंतींचे जिप्समचे पत्रे, चार फुटांपर्यंत कापून रस्त्याकडेला टाकलं, त्यावर गाद्या, फ्रिज, माझ्या लग्नातल्या साड्या. घराच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत, आणि पूरविमा आम्ही काढलेला नव्हता. सात महिने अपार्टमेंटचं भाडं आणि घराचा हप्ता असं दोन्ही भरलं, मग घर पडेल त्या किमतीला विकलं. टॅक्समध्ये जे वाचणार होतं ते असं गेलं. तसंही आमच्या कॉलनीत प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास जात होता. इलिनॉयचा ४.९५ टक्के इन्कम टॅक्स तुम्हाला कुणी मोठा करून सांगेल, तेव्हा हा आकडाही विचारा.

भाऊजी म्हणतात ते हजार वर्षांतून एकदा येणारं पाणी होतं. ह्युस्टनमध्ये २०१५ च्या मेमध्ये पूर आला, २०१६ च्या एप्रिलमध्ये आला, २०१७ मध्ये हार्वे आलं.

आता थंडी. ३० जानेवारी २०१९ ला सकाळी शिकागोत उणे २३ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे ३० सेल्सिअसच्याही खाली. शाळा बंद, नवरा घरून कामाला, घरात २१ अंश, मी साबुदाण्याची खिचडी केली होती. थंडी तिथे दरवर्षी येते, म्हणून हीटर, नळ, रस्ते, सगळं तिच्या हिशेबाने बांधलेलं असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससला थंडीची लाट आली तेव्हा लाखो घरांची वीज गेली आणि सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. भाऊजींकडे तीन दिवस वीज नव्हती, पोटमाळ्यावरचे पाइप फुटले, जाऊबाई दोन्ही मुलांना घेऊन गाडीत हीटर लावून बसत होत्या. नंतर २०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं आणि ऐन उकाड्यात परत दिवसचे दिवस वीज नाही. मला त्यांचं वाईट झालेलं नको होतं, मी रोज दोनदा फोन करत होते. पण "शिकागोत थंडी असते" हे वाक्य मी आता कुणाकडूनही ऐकून घेत नाही.

ह्युस्टनबद्दल मी अन्याय करतेय असं वाटू नये म्हणून सांगते. हार्वेनंतर अनोळखी लोकांनी आमच्या घरातला चिखल उपसला, मराठी मंडळींनी महिनाभर डबे पुरवले, अशी माणसं मला दुसरीकडे भेटली नाहीत. डिसेंबर ते मार्च तिथली हवा सुरेख असते. मेनिल संग्रहालय फुकट आहे आणि अप्रतिम आहे, स्पेस सेंटर मुलीला दाखवाच, हिलक्रॉफ्ट रस्त्यावर हवं ते वाणसामान मिळतं. घरात कुणी डॉक्टर किंवा संशोधक असेल तर टेक्सस मेडिकल सेंटरला तोड नाही, मग माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. मात्र मे ते सप्टेंबर दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही. शहर १६०० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं आहे, शिकागोच्या जवळजवळ तिप्पट, आणि लोक शिकागोपेक्षा कमी. तिथली रेल्वे केटीपर्यंत येत नाही. लायसन्स मिळेपर्यंत पाच महिने मी घरात आणि अंगणात काढले.

शिकागोतही नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या लांबच्या उपनगरात घर घेतलंत तर गाडी लागेलच, आणि मी वर लिहिलं त्यातलं निम्मं तुमच्या वाट्याला येणार नाही. पहिली दोन वर्षं एलच्या, म्हणजे शिकागोच्या शहरी रेल्वेच्या, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी भाड्याने राहा: ओक पार्क, इव्हन्स्टन, लिंकन स्क्वेअर. शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या काही वस्त्या सुरक्षित नाहीत, तेव्हा घर ठरवण्याआधी संध्याकाळी स्वतः चालून बघा.

दिरांच्या, नणंदेच्या सांगण्यावरून शहर ठरवू नका. ते जवळ असावेत म्हणून सांगतात, त्यात वाईट काही नाही, पण घराचा हप्ता तुम्ही भरणार आहात.

आणि ह्युस्टनच ठरलं, तर जवळच्या धरणाची भरण्याची सगळ्यात वरची पातळी किती फूट आणि तुमच्या घराचा चौथरा किती फुटांवर, हे दोन आकडे लेखी मागा. नकाशात घर पूरक्षेत्राबाहेर दिसलं तरी पूरविमा घ्या, आणि एप्रिलमध्येच घ्या. पैसे भरल्यावर तो लागू व्हायला ३० दिवस जातात, आणि वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो.