वडील गेल्यानंतर समुपदेशकाकडे जावं का? माझा अनुभव

बाळा, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज दुपारपर्यंत तोच डोक्यात घोळतोय. तू लिहिलंयस की सात महिन्यांपूर्वी वडिलांनी आत्महत्या केली. तू संभाजीनगरला बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, गावी आई आणि नववीतला भाऊ. झोप येत नाही, दोन महिने कॉलेजला धड गेली नाहीस. काका म्हणतात फी कुठून भरायची, स्थळ बघू. कॉलेजच्या मॅडमनी समुपदेशकाकडे बुधवारची वेळ घेऊन दिलीय आणि मार्गदर्शन करणाऱ्या एका ताईंचा नंबरही दिलाय. तुझे प्रश्न तीन: तिथे गेले म्हणजे मी वेडी ठरते का, परक्या बाईपुढे हात कसा पसरू, आणि तिथे जाऊन बोलायचं तरी काय.

त्याआधी तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. 'कधीकधी वाटतं आपणही संपवावं' असं तू लिहिलंयस. हा विचार मनात आला म्हणून तू वाईट नाहीस. पण तो बुधवारपर्यंत एकटीने सांभाळायचा नाही. आजच खोलीतल्या मैत्रिणीला किंवा त्या मॅडमना याच शब्दांत सांग. रात्री तो विचार जोर धरू लागला तर १४४१६ लाव. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. फोन लावताना काय बोलायचं ते ठरवून ठेवायची गरज नाही. आणि अगदी निकराची वेळ वाटली तर मैत्रिणीला सोबत घेऊन सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता माझं सांगते. मी यवतमाळ जिल्ह्यातली. २००६ साली माझे बाबा असेच गेले, तेव्हा मी १९ वर्षांची होते आणि अमरावतीला बी. एस्सी. करत होते. त्याच वर्षी शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधान विदर्भात आले होते, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. आमच्या दारात पेपरवाले येऊन फोटो काढून गेले. येणारा प्रत्येक जण मला एकच सांगायचा: "पोरी, आता तूच खंबीर राह्य. आईकडे पाह्य." मी राहिले खंबीर. तेराव्यालाही रडले नाही. लोकांनी कौतुक केलं. त्या कौतुकानं माझी दोन वर्षं खाल्ली, असं आज मी म्हणते. बाहेरून सगळं करत होते आणि आत काही शिल्लक नव्हतं. वजन उतरलं, वाचलेलं डोक्यात राहीना, एका विषयात पहिल्यांदा नापास झाले.

मी एकदा एका समुपदेशकाकडे गेलेही होते. त्यांनीही "रडू नको, आईचा विचार कर" एवढंच सांगून दहा मिनिटांत वाटेला लावलं. म्हणून मी पुढे दीड वर्ष कुणाकडे फिरकले नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुलाही पहिली व्यक्ती जुळली नाही असं होऊ शकतं. तेव्हा व्यक्ती बदलायची. जाणं सोडायचं नाही.

नंतर एम. एस्सी.ला नागपूरला असताना एका समाजकार्य महाविद्यालयाच्या केंद्रात दुसऱ्या बाई भेटल्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि विचारलं, "काल रात्री काय जेवलीस?" मला आठवेना. मग विचारलं, "परवा?" तेही आठवेना. पहिला सगळा तास झोप आणि जेवण यावरच गेला. बाबांचं नावही निघालं नाही. जाताना घरी करायला एकच काम दिलं: रोज सकाळी सातला उठून मेसमध्ये नाश्ता करायचा, भूक असो वा नसो. मला वाटलं, एवढ्यासाठी इथे आले? आता कळतं. हालचाल सुरू झाल्याशिवाय मन वर येत नाही, आणि ती सुरुवात कुठूनतरी लहानशा गोष्टीपासून करावी लागते.

चौथ्या भेटीत मी ती गोष्ट सांगितली जी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. आमच्या हॉस्टेलला वॉर्डनबाईंकडे फोनची वही असायची. त्यात लिहिलेलं होतं: 'खोली १४, वडिलांचा फोन, ४.१०.' बाबांनी गावातल्या एसटीडीवरून केला होता. मी संध्याकाळी ती ओळ वाचली. कॉइन बॉक्सपुढे रांग होती, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. उद्या करू म्हटलं. तो उद्या आला तो निरोप घेऊनच.

बाईंनी "तुझी चूक नाही" असं म्हटलं नाही. तसं म्हणणारे खूप होते, मी कुणावरच विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहायला सांगितलं 'त्या संध्याकाळी मला काय माहीत होतं', उजवीकडे 'नंतर काय कळलं'. उजवी बाजू खालपर्यंत भरली: सोसायटीची नोटीस, सावकार दोनदा घरी येऊन गेला होता, बाबा महिनाभर कुणाशी नीट बोलत नव्हते, रात्री अंगणात बसून राहायचे. डावीकडे दोन ओळी होत्या. बाबांचा फोन आला होता. रविवारी मी घरी जाणारच होते. त्या कागदाकडे बघत मी पहिल्यांदा रडले. तुझ्या प्रश्नात 'मी दिवाळीला थांबले असते तर' हे वाक्य तीनदा आलंय, म्हणून हा कागद तुला सांगितला. पण तो एकटीने बसून करू नकोस. समोर कुणी जाणतं असताना कर.

त्यांनीच मला समजावलं की कर्ज होतं हे खरं, भाव पडला हेही खरं, पण बाबा आतून आजारीही होते आणि तो आजार आमच्या घरात कुणाला ओळखता आला नाही. एकाच कारणावर किंवा एकाच माणसावर सगळं टाकलं की घर आयुष्यभर कोर्टासारखं चालतं.

वेडी ठरशील का? नाही. समुपदेशक बोलून मदत करतात, औषध देत नाहीत. झोप-भूक महिनोन्महिने परत आली नाही तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील, आणि औषध मिळालं तर ते घ्यायचं. मी आठ महिने घेतलं, डॉक्टरांनी सांगितल्यावर हळूहळू कमी करून थांबवलं. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, एवढं पथ्य. तू तिथे जे बोलशील ते काकांना कळणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. तुझ्या जिवाला धोका वाटला तर मात्र समुपदेशक आणखी कुणाला सामील करून घेतील, आणि ते तुझ्यासाठीच असेल. बाहेरची फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येतं.

आता हात पसरण्याबद्दल. अमरावतीला मी हॉस्टेल सोडल्यावर ज्या घरात खोली घेऊन राहिले, त्याच्या खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू राहायच्या. रविवारी सकाळी त्या मला बोलवायच्या आणि चहा ठेवता ठेवता विचारायच्या, "या आठवड्यात काय अडलं?" बाबांबद्दल कधी विचारलं नाही. अडलेलं सांगितलं की कागद मागायच्या. सातबारा कसा वाचतात, बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद, कुठे चढवलेला असतो, वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे देताना पोच कशी घ्यायची, हे मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकले. एकदा परीक्षा फॉर्मचे ६०० रुपये त्यांनी भरले आणि दर महिन्याला १०० रुपये परत घेतले, डायरीत तारीख टाकून, सही करून. त्यांनी ते परत घेतले म्हणूनच मी पुढच्या रविवारी मान वर करून त्यांच्याकडे जाऊ शकले. चांगली मार्गदर्शक तुझा हिशेब तुझ्याच हातात ठेवते.

तुझ्या बाबतीत त्यांनी पहिल्यांदा काय बघितलं असतं ते सांगते. एक, फी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन तुझा अर्ज कुठे अडलाय का ते विचार. काकांच्या बोलण्यातला अर्धा मुद्दा तिथेच मिटेल.

दुसरं, कर्ज. तू लिहिलंयस की एक जण घरी येऊन आईला म्हणतो, आता हे पोरांनी फेडायचं. कायदा तसं म्हणत नाही. वडिलांचं कर्ज वारसांकडून वसूल होतं ते वडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच. तुझ्या उद्याच्या पगारावर त्याचा हक्क नाही. आणि परवाना नसताना सावकारी करणं हा २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. आईला सांग, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही, आणि वारसनोंदीत आई, भाऊ आणि तू अशी तिघांची नावं लागली पाहिजेत. 'मुलीचं नाव कशाला' असं कुणी म्हणेल. लागू दे.

शेतकरी आत्महत्येनंतर घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज केला नसेल तर तहसीलला तेही विचारा. आमच्या वेळी १ लाखातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत असं मिळायचं. आमचं प्रकरण आधी 'अपात्र' ठरलं होतं. त्या शब्दाने आईला जे झालं ते मी विसरलेली नाही. तुमच्याही कागदावर तो शब्द आला तर तो फक्त नियमाचा शेरा आहे, तुझ्या बाबांच्या आयुष्यावरचा नाही, हे आईला तूच सांग.

एक सावधगिरीही. मॅडमनी ज्यांचा नंबर दिलाय त्या ताईंना पहिल्यांदा कॉलेजमध्येच भेट, मॅडमसमोर. आधार, पासबुक, ओटीपी कुणालाही फोनवरून पाठवू नकोस. जी व्यक्ती तुला इतरांपासून तोडून फक्त आपल्यावर अवलंबून ठेवते, तिच्यापासून लांब हो.

दोघींची कामं वेगळी आहेत हे समजायला मला वेळ लागला. काकूंना मी रात्रीच्या स्वप्नांबद्दल सांगायला गेले तेव्हा त्या गोंधळल्या. समुपदेशक बाईंना सातबाऱ्यातलं विचारलं तेव्हा त्यांनाही काही सांगता आलं नाही. एकीकडे मन मोकळं करायचं, दुसरीकडे आयुष्याची कामं उलगडायची. तुला आत्ता दोन्ही हवंय. एकीकडेच दोन्ही मागितलंस तर दोन्हीकडून निराश होशील.

आईबद्दल तू फार थोडं लिहिलंस. माझी आई समुपदेशनाचं नाव काढलं की म्हणायची, "मी काय येडी हाओ काय?" विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात आशाताई घरी जाऊन विचारपूस करतात. तुमच्या गावच्या आशाताईंना फोन करून सांग, आईकडे जरा जाऊन या. परक्या ठिकाणी न जाणारी बाई ओट्यावर बसून आशाताईंशी बोलते. आणि भावाला 'आता तू घरातला पुरुष' असं कुणी म्हणत असेल तर ते थांबव. नववीतलं पोर आहे ते.

लग्नाचं काकांना आज भांडून सांगू नकोस, ताकद नाही तुझ्यात तेवढी. "हे वर्ष पूर्ण होऊ द्या, मग बोलू" एवढं एकच वाक्य, दर वेळी तेच.

तिसरा प्रश्न राहिला, बोलायचं काय. काहीही पाठ करून जाऊ नकोस. तिथे बसल्यावर घसा दाटला तर मोबाइलवर हे लिहून ठेव आणि फोन त्यांच्यापुढे धर: 'माझे वडील सात महिन्यांपूर्वी गेले. मला झोप येत नाही. कधीकधी मलाही संपवावंसं वाटतं.' पुढचा प्रश्न त्या विचारतील. बुधवारी जाऊन आलीस की इथे दोन ओळी लिही, मी रात्री बघते.