स्कोअर वाढतोय, पण भाजी विसरतेच

गेल्या पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. ताप उतरला, पण तेव्हापासून शब्द ओठांवर येऊन अडतात. मुलानं मोबाइलवर मेंदूच्या व्यायामाचा खेळ टाकून दिला. स्कोअर रोज वाढतो, तरी खंडेराव मार्केटमध्ये गेल्यावर काय घ्यायला आले तेच आठवत नाही. (५८ वर्षांच्या गृहिणी, कारेलीबाग)

ताई, तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. चित्रांच्या जोड्या लावण्याचा सराव केला की जोड्या लावणं सुधारतं. ते कौशल्य आपोआप बाजारात येत नाही. कोविडनंतर विसराळूपणा राहिलेल्या ३२८ जणांवर अमेरिकेत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. दहा आठवडे संगणकावर मेंदूचा खास सराव केलेल्यांना साध्या कोड्यांचे खेळ खेळलेल्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. थोडं बरं मात्र सगळ्याच गटांना वाटलं.

म्हणून सराव बाजारातच करा. दोडका, गवार, आलं, लिंबं अशा चारच वस्तू ठरवा. निघताना दोनदा मोठ्यानं म्हणा, चिठ्ठी लिहा आणि पिशवीत तळाशी ठेवा. भाजीवाल्यासमोर उभं राहून आधी आठवून पाहा, अडलात तरच चिठ्ठी काढा. ती काढावी लागली म्हणून खट्टू होऊ नका, आठवायचा प्रयत्न झाला हेच हवं होतं. चार वस्तू सहज जमू लागल्या की पाच करा. सुट्टे पैसे मोजताना कोणी बोलायला लागलं तर "एक मिनिट हं" म्हणून आधी मोजणं पुरं करा. एका वेळी दोन गोष्टी, हेच सध्या तुम्हाला सर्वांत जड जातं.

मी ३४ वर्षांचा, हिशेबाचं काम करतो. कोविडनंतर आकडे डोक्यात टिकत नाहीत. रोज रात्री तासभर खेळ खेळतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगही गळतं आणि डोकंही चालत नाही. वेळ आणखी वाढवू का? (दांडिया बाजार)

नाही. उलट तो तासभराचा सराव आजच थांबवा. तुमच्या पत्रातला "दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. विषाणूच्या आजारानंतर काहींना श्रमाचा त्रास लगेच होत नाही, १२ ते ४८ तासांनी उलटतो, आणि डोक्याचे श्रमही त्यात धरायचे. "जोर लावला की सुधारेल" हा आपला नेहमीचा हिशेब इथे घातक ठरतो.

दोन आठवडे वहीत रोज दोन ओळी लिहा: काय केलं आणि त्यानंतर दोन दिवसांनी कसं वाटलं. खेळायचंच असेल तर सकाळी, घड्याळ लावून, दहा मिनिटं. दमायच्या आधी उठा. पुढचे दोन दिवस ठीक गेले तरच, आणि तेही आठवड्याने, दोन-चार मिनिटं वाढवा. ऑफिसात अवघड ताळेबंद सकाळी घ्या, मध्ये डोळे मिटून दहा मिनिटं पडा. घरचे आळशी म्हणत असतील तर त्यांना हे वाचायला द्या. हा आजार खरा आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये कोविडनंतरच्या या अवस्थेची व्याख्याही केली आहे.

वडील ७१ वर्षांचे, डेंग्यूनंतर विसरतात. शब्दकोडं आणि पत्ते चालतील की ॲपच हवं? (मांजलपूर)

कोडं, पत्ते उत्तम. चार जणांत बसून रमी खेळणं मला ॲपपेक्षा केव्हाही बरं वाटतं. पण त्याआधी एक तपासणी करा: बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते, आणि तिनंही विसरायला होतं. ती भरून काढता येते, म्हणून ती सुटून गेली तर मला फार वाईट वाटतं. रात्री घोरतात का, खाजेची किंवा झोपेची गोळी चालू आहे का, तेही डॉक्टरांना सांगा. काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड करतात.

वर्षाची वर्गणी भरून ॲप घ्यावं का? (अलकापुरी)

फुकटात जेवढं मिळतं तेवढं पुरे. "स्मरणशक्ती वाचवतो" अशा जाहिरातींना पुरेसा आधार नव्हता म्हणून २०१६ मध्ये 'लुमोसिटी' या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला अमेरिकी सरकारी यंत्रणेशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले.

नुसती वाट पाहून चालेल का? (रावपुरा)

बऱ्याच जणांना काही महिन्यांत हळूहळू बरं वाटतं. तीन महिने झाले तरी फरक नसेल, किंवा उतरती कळा असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मन सतत उदास असेल तर तेही मोकळेपणानं सांगा, त्यावरही उपचार आहेत. मात्र तापात असंबद्ध बोलणं, फिट येणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांपैकी काहीही दिसलं तर खेळ, वही, वाट पाहणं सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा.