प्राण्यांच्या आवाजांचे इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहावीत, सेमी-इंग्लिशला आहे. शाळेतून 40 प्राणी आणि त्यांचे 40 आवाज अशी यादी पाठ करायला दिली आहे. रात्री घडाघडा म्हणतो आणि सकाळी त्याचं गाढव भुंकायला लागतं. वर त्याने निबंधात ‘द डॉग वॉज शाउटिंग ऑन मी’ असं लिहिलं आणि गुण कापला गेला. यादी लक्षात राहायला काही युक्ती आहे का, आणि त्या वाक्यात नेमकं काय चुकलं?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात 18 वर्षं इंग्रजी शिकवतेय. हे वाक्य दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत सापडतंच, म्हणून आधी तेच घेते.

मराठीत ‘ओरडणे’ हे सगळ्यांचं सामाईक क्रियापद आहे. कावळा ओरडतो, गाढव ओरडतं, बेडूक ओरडतात आणि अभ्यास नाही केला की आईही ओरडते. इंग्रजीतलं ‘शाउट’ मात्र माणसांपुरतं. कुत्र्याला ‘बार्क’च हवं. दुसरी चूक त्या ‘ऑन’ची. कुत्रा माझ्या‘वर’ भुंकला, म्हणून पोरं ‘ऑन मी’ लिहून मोकळी होतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं कुत्रा याच्या छातीवर उभा राहून भुंकत होता. तिथे ‘ॲट’ येतं. बार्क ॲट, ग्राउल ॲट, हिस ॲट; माणूस माणसावर ओरडला तरी शाउट ॲट. म्हणजे ‘द डॉग वॉज बार्किंग ॲट मी’.

आता यादी. ती पाठ का होत नाही, तर मुलगा प्राण्याचं इंग्रजी नाव आणि आवाजाचं इंग्रजी नाव अशी दोन परकी नावं एकमेकांना बांधतोय. मधे मराठी आणा. त्याला कागद-पेन्सिल द्या आणि इंग्रजीचं नावही न काढता विचारा, घोडा काय करतो? खिंकाळतो. गाय? हंबरते. कोंबडा आरवतो, पारवा घुमतो, साप फूत्कारतो, चिमण्या चिवचिवतात, कुत्रा भुंकतो किंवा गुरगुरतो. ज्या प्राण्याला मराठीने स्वतःचं क्रियापद दिलंय, तिथे जोडी सरळ लागते. खिंकाळण्याला नेय्, हंबरण्याला मू, आरवण्याला क्रो, घुमण्याला कू, फूत्काराला हिस, चिवचिवीला चर्प. हे त्याला जवळजवळ येतंच आहे, फक्त लेबल बदलायचं आहे.

मग उरतात ते प्राणी, ज्यांची मराठीने ‘ओरडतो’वर बोळवण केली आहे किंवा ‘बें बें करते’ म्हणून भागवलं आहे. गाढव (ब्रे), कावळा (कॉ), बेडूक (क्रोक), बदक (क्वॅक), उंदीर (स्क्वीक), शेळी-मेंढी (ब्लीट), डुक्कर (ग्रंट). खरं पाठांतर एवढंच. आमच्या वर्गात 40 ची यादी अशी गाळली की दहा-बारावर येते.

याद्यांमध्ये आणखी एक घोळ असतो, त्याने मुलं हमखास गोंधळतात. आवाजाची नक्कल वेगळी आणि तो आवाज काढण्याची क्रिया वेगळी. आपण तान्ह्या मुलाला ‘भू-भू बघ’ म्हणतो, पण पोलिसांत तक्रार देताना ‘कुत्रा रात्रभर भू-भू करतो’ असं लिहीत नाही. इंग्रजीतही वूफ वेगळं, बार्क वेगळं. बा वेगळं, ब्लीट वेगळं. गाढवाचं ही-हॉ आणि ब्रे, डुकराचं ऑइंक आणि ग्रंट, कोंबड्याचं कॉक-अ-डूडल-डू आणि क्रो. क्वॅक, हिस, बझ हे शब्द दोन्ही कामं करतात, म्हणून ते सोपे. गाईच्या बाबतीत जुनं क्रियापद ‘लो’ होतं, स्पेलिंग एल-ओ-डब्ल्यू. आज बोलताना सगळे ‘मू’च वापरतात, पण गाईडवाल्यांनी ‘कॅटल लो’ अजून सोडलेलं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याचा अर्थ ‘गुरं कमी आहेत’ असा लिहिला होता. त्याला अर्धा गुण द्यावा असं मला मनापासून वाटलं.

गाईवरून आठवलं. एकदा फळ्यावर मी म्हशीपुढेही मू लिहिलं, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, म्हस हंबरत न्हाई, रेकती.” बरोबर होतं त्याचं. घरी चार म्हशी होत्या, त्याच्यापुढे मी काय बोलणार? पण इंग्लंडातल्या गोठ्यात म्हैस नव्हतीच, त्यामुळे रेकण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द तयार झाला नाही. मू म्हणायचं, नाहीतर ग्रंट.

उलट कुत्र्याच्या बाबतीत त्यांचा शब्दसाठा बघा. आपल्याकडेही कमी नाही, आणि म्हणून जोड्या सुरेख लागतात. अनोळखी माणूस फाटकाशी आला की बार्क. तो आत आला की घशातल्या घशात गुरगुर, म्हणजे ग्राउल. दात विचकून गुरगुरला तर स्नार्ल. जेवणाच्या ताटाशी बसून कुंईकुंई करतो ते व्हाइन, ज्याचा उच्चार बहुतेक इंग्रजांच्या तोंडी द्राक्षाच्या वाइनसारखाच होतो. शेपटीवर पाय पडला की केकाटतो ते येल्प. शिकारी कुत्र्यांचं टोळकं वास लागल्यावर लांब सूर काढतं ते बे, आणि या शब्दाची गरज पडायला आधी तशी शिकार करणारी माणसं असावी लागतात. रात्री तोंड वर करून कुत्रं ‘रडतं’, घरातली म्हातारी माणसं त्याला हाड् हाड् करतात, ते हाउल. मुलं तिथे ‘द डॉग इज क्रायिंग’ लिहितात. लांडगा आणि कोल्हेकुई, दोन्हीकडे हाउल चालतं, वाऱ्यालाही चालतं.

मांजराच्या ‘पर्’ला मात्र मला अजून चोख मराठी शब्द मिळालेला नाही. मांडीवर बसून, डोळे मिटून जी घरघर चालते ती. गुरगुर म्हणावं तर त्यात राग आला, घरघर म्हणावं तर म्हाताऱ्याची छाती आठवते. वाचकांपैकी कुणाच्या घरी खास शब्द असेल तर सांगा. म्यावला ब्रिटिश स्पेलिंग वेगळं आणि अमेरिकन वेगळं, दोन्ही बरोबर धरतात.

वाघ-सिंहाला रोअर, इथे अडचण नाही. आपण ‘डरकाळी फोडली’ म्हणतो, म्हणजे नाम आणि क्रियापद वेगळं. तसंच इंग्रजीत हवं असेल तर ‘लेट आउट अ रोअर’. पण चित्त्यापुढे रोअर लिहू देऊ नका. चित्त्याला डरकाळी फोडताच येत नाही, तो मांजरासारखा पर् करतो आणि पाखरासारखा चर्पसुद्धा करतो. 2022 मध्ये नामिबियाहून कुनोत चित्ते आणले तेव्हा वर्गात त्यांचा आवाज मोबाइलवर ऐकवला, तर पोरांना मी फसवतेय असं वाटलं. आमच्याकडे उसात असतो तो बिबट्या, त्याची हाक लाकडावर करवत ओढल्यासारखी येते, आणि इंग्रजीत तिला ‘सॉ’ म्हणजे करवतीचंच क्रियापद लावतात. हे यादीत नसेल, पण ज्याने उसाच्या कडेने सायकल मारली आहे त्याच्या कायमचं लक्षात राहील.

पक्ष्यांकडे आलं की खरी गंमत. क्रो म्हणजे कावळा, आणि क्रो म्हणजे आरवणे. पण कावळा क्रो करत नाही, कॉ करतो. क्रो करतो तो कोंबडा. ‘द कॉक क्रोज, द क्रो कॉज’ हे वाक्य मुलाला जोरात दहा वेळा म्हणायला लावा, जीभ वळली की गोंधळ संपतो. (बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरात कोंबडा आरवल्याचं ‘क्रू’ असं भूतकाळी रूप आहे. आता ‘क्रोड’ लिहायचं.) कावळ्याचं नावच त्याच्या आवाजावरून पडलंय, इकडेही आणि तिकडेही. शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या प्राचीन यास्काने निरुक्त या ग्रंथात ‘काक’ हा आवाजाच्या नकलेतून आलेला शब्द आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं, असं सांगून ठेवलंय. औपमन्यव नावाच्या आचार्यांना ते पटलेलं नव्हतं, हेही तिथेच नोंदवलंय.

कोकिळेला सरसकट ‘कुकू’ लिहितात. घराणं एक, पक्षी वेगळा. इंग्लंडातला कुकू दोन सुरांत स्वतःचं नाव सांगतो. आपल्याकडे आंब्यावर ‘कुहू’ करत सूर चढवत नेतो तो कोएल, आणि इंग्रजी पक्षीपुस्तकांतही त्याचं नाव कोएलच आहे. गाणारा असतो काळाभोर नर. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसतं किक-किक करते, पण आपल्या कवितांनी सगळं श्रेय तिला देऊन टाकलं. कुकू काय आणि कोएल काय, अंडी दुसऱ्याच्याच घरट्यात घालतात, ते साम्य आहे.

आणि पावशा! पाऊस तोंडावर आला की तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणतो हे आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. हिंदी मुलखात त्याच्याच आवाजात ‘पी कहाँ’ ऐकू येतं. आणि उन्हाळ्याच्या रात्री घामाघूम होऊन जागे असलेल्या इंग्रज साहेबांना त्याच तीन सुरांत ‘ब्रेन फीव्हर, ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं, दर खेपेला वरच्या पट्टीत. ‘ब्रेन-फीव्हर बर्ड’ हे नाव त्यावरूनच पडलं. टिटवीचंही तसंच. आपल्याला ती टिटिव-टिटिव करते, साहेबाला वाटलं ती विचारतेय, ‘डिड ही डू इट?’ हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं दिवसभर एकमेकांना डिड-ही-डू-इट करत सुटतात, आणि भूतकाळी प्रश्नात ‘डिड’नंतर ‘डू’ येतं, ‘डन’ येत नाही, हे न शिकवता बसतं.

मोराचं सांगायला जीभ जड होते. आपल्याकडे त्याच्या आवाजाला ‘केका’ असा देखणा शब्द आहे, मोरोपंतांनी स्वतःच्या नावावर श्लेष करून आपल्या काव्याला ‘केकावली’ म्हटलं. इंग्रजीत मोर ‘स्क्रीम’ करतो, किंचाळतो. पहाटे शेतात मोर ऐकला असेल तर साहेबाचं फार चुकलं असंही म्हणवत नाही.

उच्चारांकडे लक्ष द्या, तोंडी परीक्षेत तिथे मार खातात. नेय्चं स्पेलिंग एन-ई-आय-जी-एच, शेवटचं जी-एच मुकं, ‘डे’शी यमक जुळतं. पोरं ‘नेघ’ वाचतात. हाउल आणि आउल जवळजवळ सारखे, म्हणून ‘आउल हाउल्स’ लिहितात. घुबड हूट करतं. ब्लीटमध्ये ई दीर्घ.

हेच शब्द माणसांना लावले की अर्थ जरा सरकतो, मोठ्या मुलांना हे सांगावं. ‘साहेब भुंकला’ म्हणजे मराठीत शिवीच. इंग्रजीत हवालदाराने ऑर्डर ‘बार्क’ केली म्हणजे तोडून, करड्या आवाजात दिली, एवढंच. फुशारकी मारण्याला क्रो, रडगाणं गाण्याला ब्लीट. ‘क्वॅक’ म्हणजे भोंदू डॉक्टर, पण त्यात बदकाचा दोष नाही. आपल्या मलमाची बढाई मारणाऱ्यासाठी डच भाषेत शब्द होता, तो इंग्रजीत येऊन तुटून एवढाच उरला.

घरी करायचं ते असं. रोज एकच प्राणी. त्याचा खरा आवाज ऐकवा, खिडकीतून ऐकू येत असेल तर उत्तम. मग तीन वाक्यं: रोज काय करतो, आत्ता काय करतोय, काल कुणावर केलं. त्या तिसऱ्या वाक्यात ‘ॲट’ आपोआप घोटला जातो. कुत्र्याला मात्र पूर्ण आठवडा द्या.

बाकी यादीत ‘कॅमल्स ग्रंट’, ‘एप्स गिबर’ असलं काहीबाही असेलच. मी आजवर ‘गिबर’ फक्त पेपरातच पाहिलंय. तरी परीक्षेत विचारतील, तेव्हा त्याने वाद न घालता तेच लिहावं आणि गुण पदरात पाडून घ्यावेत. म्हशीबद्दल मात्र विचारलं तर मला कळवा, बाईंनी काय उत्तर धरलं ते त्या मागच्या बाकावरच्याला सांगायचंय. तो आता दूध डेअरीत आहे.